ओव्हनवर १८० दिसतंय, पण आत खरंच १८० आहे का? सेन्सरचा बिघाड घरच्या घरी असा ओळखा

नाशिकला राहणारी माझी मावशी घरून केक आणि नानखटाईच्या ऑर्डरी घेते. गेल्या दिवाळीच्या दहा दिवस आधी तिचा फोन आला. आवाज रडवेला. "अरे, ओव्हन बिघडलाय की माझा हातच बिघडलाय, तेच कळेना बघ."

झालं असं होतं की, पंधरा-वीस मिनिटांत छान बदामी रंगावर येणारी नानखटाई अर्धा तास झाला तरी पांढरीफटक राहत होती. चाळीस मिनिटांत होणारा केक तासाभरानंतरही मधोमध ओला. वेळ वाढवली की कडा वातड. तिने मैदा बदलला, बेकिंग पावडरचा नवीन डबा आणला, तूप बदललं. दोन गिऱ्हाइकांचे पैसे परत केले. ओव्हनच्या डिस्प्लेवर मात्र ठणठणीत १८० दिसत होतं, त्यामुळे ओव्हनवर संशय घ्यायला तिचं मन धजत नव्हतं.

मग टेक्निशियन आला. दहा मिनिटं इकडेतिकडे बघून म्हणाला, "बोर्ड गेलाय मॅडम, नवीन टाकावा लागेल." खर्च सांगितला नऊ हजार.

बोर्ड गेलेलाच नव्हता. पण हे कळायला आम्हाला एक थर्मामीटर, एक मल्टिमीटर आणि एक अख्खा रविवार लागला. त्या रविवारी जे शिकलो तेच आज सांगतोय. तुमच्याकडे ओटीजी असो, बिल्ट-इन ओव्हन असो किंवा कन्व्हेक्शनवाला मायक्रोवेव्ह असो, पार्ट बदलायला हो म्हणण्याआधी हे एकदा वाचा.

आधी समजून घेऊ: ओव्हनला तापमान कळतं कसं?

ओव्हनला तुमचा केक दिसत नाही. आत कुठेतरी एक छोटासा भाग असतो, त्या भागाच्या टोकाला जेवढी उष्णता लागते तेवढीच त्याला कळते. त्या एका जागेच्या भरवशावर तो रॉड चालू करतो आणि बंद करतो. हा भाग चुकीचं सांगायला लागला की ओव्हन अगदी इमानदारीत चुकीचं काम करतो. मावशीच्या ओव्हनचं हेच झालं होतं.

घरगुती ओव्हनमध्ये हे काम साधारण तीन प्रकारे होतं.

पहिला प्रकार म्हणजे मेकॅनिकल थर्मोस्टॅट. गोल नॉब फिरवायचा असेल तर बहुतेक हाच असतो. अनेक छोट्या ओटीजीमध्ये नॉबच्या मागे दोन वेगवेगळ्या धातूंची चिकटवलेली पट्टी असते. तापल्यावर एक धातू जास्त पसरतो, दुसरा कमी, त्यामुळे पट्टी वाकते आणि करंट तुटतो. मोठ्या ओव्हनमध्ये पट्टीऐवजी एक बारीक नळी असते. तिच्या टोकाला द्रव भरलेला लांबट फुगा असतो आणि तो ओव्हनच्या आत भिंतीला क्लिपने अडकवलेला असतो. द्रव तापून पसरला की नॉबमागचा स्विच दाबला जातो.

दुसरा प्रकार आरटीडी सेन्सरचा. डिजिटल डिस्प्लेवाल्या बऱ्याच बिल्ट-इन ओव्हनमध्ये मागच्या भिंतीतून पेन्सिलीपेक्षा बारीक स्टीलची दांडी आत डोकावताना दिसेल. तिच्या टोकात प्लॅटिनम असतं. प्लॅटिनम जसं तापतं तसा त्याचा विद्युत रोध वाढत जातो, आणि तो अगदी ठरलेल्या हिशोबाने वाढतो. बोर्ड हा रोध मोजतो आणि त्यावरून तापमान काढतो. ही कल्पना आजची नाही. विल्यम सिमेन्स यांनी १८७१ मध्ये ती मांडली आणि ह्यू कॅलेंडर यांनी १८८७ मध्ये ती भरवशाने वापरता येईल इतकी अचूक करून दाखवली.

तिसरा प्रकार एनटीसी थर्मिस्टर. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये हा खूपदा असतो. याचं गणित बरोबर उलटं आहे. तापला की याचा रोध कमी होतो.

हा उलटसुलटपणा लक्षात ठेवा. वायर तुटली किंवा जोड कुजला की मधला रोध वाढतो. आरटीडीवाल्या ओव्हनला तेव्हा वाटतं, "बापरे, फारच तापलं," आणि तो रॉड लवकर बंद करतो. पदार्थ कच्चा राहतो. एनटीसीवाल्याला वाटतं, "अजून थंडच आहे," आणि तो तापवतच राहतो. पदार्थ करपतो. नाही तर दोन्हींत थेट एरर कोड येतो. म्हणजे बिघाड एकच, पण एका घरात केक कच्चा आणि दुसऱ्या घरात कोळसा.

सेन्सरवर आळ घेण्याआधी या पाच गोष्टी बघा

सेन्सर बिचारा निर्दोष असतो आणि दोष भलत्याचाच असतो, असंही खूपदा होतं.

एक, व्होल्टेज. संध्याकाळी तुमच्याकडे व्होल्टेज पडतं का? रॉडची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते. २३० व्होल्टला १५०० वॉट देणारा रॉड १९० व्होल्टला जेमतेम १०२० वॉट देतो. म्हणजे जवळपास एक तृतीयांश ताकद गेली. ओव्हन तापायला खूप वेळ लागतो आणि सेन्सर फुकट बदनाम होतो. दुपारी केक चांगला होतो आणि संध्याकाळी बिघडतो, असं असेल तर आधी इथेच बघा.

दोन, प्लग. १५०० वॉटचा ओव्हन साधारण साडेसहा अँपिअर खेचतो. त्याला मोठा, १६ अँपिअरचा पॉइंटच लागतो. ६ अँपिअरच्या छोट्या पॉइंटवर किंवा एक्स्टेन्शन बोर्डवर लावला तर वायर आणि प्लग तापतात, आणि ते धोक्याचं आहे.

तीन, रॉड. ओव्हन चालू करून काचेतून बघा. वरचे आणि खालचे दोन्ही रॉड तापतायत का? वरून लालसर आणि खालून कच्चं असेल तर खालचा रॉड गेला असण्याची शक्यता जास्त. काही ओव्हनमध्ये खालचा रॉड पत्र्याखाली लपलेला असतो, तो लाल झालेला दिसणार नाही. तिथे पदार्थाच्या बुडावरून अंदाज घ्यावा लागतो.

चार, दाराचं रबर. ओव्हन थंड असताना कागदाची पट्टी दारात धरून दार बंद करा आणि पट्टी ओढा. थोडी अडकत बाहेर आली तर ठीक. सरसर निघाली तर तिथून गरम हवा पळतेय. चारही बाजूंनी बघा.

पाच, आपली सवय. जाळीवर अख्खी फॉइल अंथरणं, एका वेळी तीन ट्रे कोंबणं, दर पाच मिनिटांनी दार उघडून डोकावणं. या तिन्हीमुळे हवा फिरत नाही किंवा उष्णता निघून जाते. आणि हो, एखादा ट्रे मागे सरकून त्या स्टीलच्या दांडीला टेकलेला नाही ना, तेही बघा.

मावशीकडे या पाचही गोष्टी ठीक होत्या. मग आम्ही पुढे सरकलो.

पहिली खरी चाचणी: वेगळा थर्मामीटर

ओव्हन खरं बोलतोय का, हे ओव्हनलाच विचारून कळणार नाही. दुसरा साक्षीदार हवा. ओव्हनमध्ये ठेवायचा डायलवाला थर्मामीटर काहीशे रुपयांत मिळतो. घरून ऑर्डरी घेणाऱ्यांकडे तर तो असायलाच हवा.

लांबून तापमान दाखवणारी गन इथे कामाची नाही. ती हवेचं तापमान मोजत नाही, पृष्ठभागाचं मोजते. त्यातही चकचकीत स्टील किंवा फॉइलवर तिचा आकडा खूप चुकतो.

पद्धत अशी:

१. थर्मामीटर मधल्या जाळीवर, बरोबर मध्यभागी ठेवा. भिंतीला किंवा रॉडला लागू देऊ नका. बाकी ओव्हन रिकामा ठेवा.

२. १८० लावा आणि अर्धा तास थांबा. प्रीहीटचा दिवा विझला म्हणजे ओव्हन स्थिर झाला, असं नसतं.

३. त्यानंतर दर पाच मिनिटांनी एक, असे सहा आकडे लिहा. दार उघडायचं नाही. मोबाइलचा टॉर्च लावून काचेतूनच वाचायचं.

४. सहाही आकड्यांची सरासरी काढा.

सरासरी का? कारण कोणताही साधा ओव्हन १८० वर गप्प बसून राहत नाही. रॉड बंद झाला की तापमान खाली येतं, चालू झाला की वर जातं. दोन्ही बाजूंना दहा-पंधरा अंशांचा झोका अगदी नॉर्मल आहे. नॉबवाल्या छोट्या ओटीजीत तो याहून मोठा असतो. एकच आकडा बघून "वीस अंश चुकतोय" म्हणणं म्हणजे झोपाळा एका टोकाला असताना फोटो काढण्यासारखं आहे.

एक काळजी घ्या. कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये ही चाचणी करायची असेल तर फक्त कन्व्हेक्शन मोडवर करा. मायक्रो किंवा कॉम्बी मोडवर धातूचा थर्मामीटर आत चालत नाही.

मावशीच्या ओव्हनचे सहा आकडे होते १४५, १५५, १६०, १५०, १४५, १५५. सरासरी १५२. लावलंय १८०, मिळतंय १५२. तब्बल २८ अंशांची तूट. आकडा बघून मावशी पहिल्यांदा नीट श्वास घेऊन म्हणाली, "म्हणजे माझा हात ठीक आहे तर!"

थर्मामीटर नाही? मग साखर आहे ना!

घरात थर्मामीटर नसेल तर साखरेवरून ढोबळ अंदाज येतो. साखर साधारण १८६ अंश सेल्सिअसला वितळते.

फॉइलची छोटी वाटी करून त्यात चमचाभर साखर पसरा. ओव्हन १७५ वर अर्धा तास तापवून मग ही वाटी मधल्या जाळीवर पंधरा मिनिटं ठेवा. साखर न वितळता दाणेदार राहिली पाहिजे. आता नवीन साखर घ्या, ओव्हन १९५ वर नेऊन नीट तापू द्या, आणि पुन्हा पंधरा-वीस मिनिटं ठेवा. या वेळी ती वितळली पाहिजे.

१७५ लाच साखर वितळली तर ओव्हन जास्त तापतोय. १९५ लाही दाणे तसेच राहिले तर कमी तापतोय. वितळलेली साखर हाताला लागली तर चिकटून जबर भाजते. ती पूर्ण गार होईपर्यंत हात लावू नका आणि मुलांना लांब ठेवा.

आकडे काय सांगतात?

आता तुमचे सहा आकडे समोर ठेवा. बिघाड ओळखण्याची बरीचशी माहिती त्यातच असते.

सरासरी पाच-दहा अंशांनी चुकतेय आणि दर वेळी तेवढीच चुकतेय, तर याला बिघाड म्हणू नका. नवीन ओव्हनमध्येही एवढा फरक सापडतो. नॉब थोडा पुढे किंवा मागे लावा, विषय संपला.

सरासरी वीस-तीस अंशांनी चुकतेय, पण झोका नेहमीसारखाच आहे, तर सेन्सर, त्याचा जोड किंवा थर्मोस्टॅट यांवर संशय. मावशीची केस ही.

आकडे पिसाटासारखे उड्या मारतायत, किंवा डिस्प्ले मधूनच एरर कोड दाखवून पुन्हा ठीक होतोय, तर आत कुठेतरी वायर तुटायला आलीय किंवा प्लग सैल आहे. एरर कोडचा अर्थ प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो. तो मॅन्युअलमध्येच बघा, दुसऱ्या कुणाच्या ओव्हनचा अर्थ आपल्याला लावू नका.

तापमान वाढतच चाललंय, थांबतच नाही, तर ताबडतोब मेन स्विच बंद करा. नळीवाल्या थर्मोस्टॅटमधला द्रव गळून गेला तर त्याचा स्विच उघडतच नाही आणि रॉड चालूच राहतो. डिजिटल ओव्हनमध्ये बोर्डवरचा रिले चिकटला तरी असंच होतं, ओव्हन बंद केल्यावरही रॉड तापलेला राहतो. अशा ओव्हनवर पुढच्या चाचण्या करत बसू नका. दुरुस्त होईपर्यंत तो वापरायचाच नाही.

मल्टिमीटरची चाचणी: खरा चोर इथे सापडतो

इथून पुढचं काम डिजिटल बिल्ट-इन ओव्हनचं आहे आणि ते विजेचं काम आहे. तुम्हाला सवय नसेल तर ओळखीच्या वायरमनला बोलवा आणि हा लेख त्याला दाखवा. ओव्हन वॉरंटीत असेल तर स्क्रू काढण्याआधी अटी वाचा. कंपनीचा माणूस सोडून दुसऱ्याने उघडलं तर वॉरंटी जाऊ शकते.

आमच्याकडे मावसभाऊ होता, आयटीआयचा वायरमन. त्याने पहिलं काम काय केलं, तर ओव्हनचा एमसीबी पाडला, प्लग काढला आणि टेस्टरने खात्री केली. नुसता ओव्हनचा नॉब बंद करून चालत नाही. दुसरं म्हणजे ओव्हन पूर्ण थंड होऊ दिला.

आरटीडी सेन्सर मोजायला सोपा असतो. तो एक-दोन स्क्रूंवर बसवलेला असतो आणि त्याच्या दोन वायरी पुढे एका प्लगमध्ये जातात. काही ओव्हनमध्ये तो आतून, पुढच्या बाजूनेच निघतो. काहींमध्ये ओव्हन कपाटातून बाहेर ओढून मागचा पत्रा काढावा लागतो. पुढून काढत असाल तर प्लग सोडण्याआधी वायरीला दोरी बांधा. नाहीतर वायर भोकातून मागे सटकते आणि अख्खा ओव्हन बाहेर काढायची वेळ येते.

आता मल्टिमीटर ओहमवर लावा. ओव्हनमध्ये दोन प्रकारचे आरटीडी जास्त सापडतात. एकाचा रोध शून्य अंशाला १००० ओहम असतो, दुसऱ्याचा ५००. तुमचा कोणता ते मॅन्युअलमध्ये किंवा सुट्या भागांच्या यादीत असतं. १००० वाल्याचे आकडे असे असतात:

० अंशाला १०००
३० अंशाला साधारण १११७
१०० अंशाला साधारण १३८५
१८० अंशाला साधारण १६८५
२०० अंशाला साधारण १७५९

५०० वाल्याचे याच्या बरोबर निम्मे धरा. म्हणजे ३० अंशाला साधारण ५५८.

थोडक्यात, १००० वाल्यात दर अंशाला पावणेचार ओहमच्या आसपास फरक पडतो. हे लक्षात घेतलं की मावशीच्या ओव्हनची गंमत कळेल.

त्या दिवशी खोलीत २८ अंश होते. सेन्सर १००० वाला. म्हणजे साधारण १११० ओहम यायला हवे होते. भावाने आधी बोर्डकडून येणाऱ्या टोकावर, म्हणजे प्लग जोडलेला ठेवून, बोर्डवरची वायर सोडवून मोजलं. आले १२१३. हा रोध ५५ अंशांचा आहे! थंडगार ओव्हनलाही तो ५५ अंशांवर तापलेला समजत होता. मग त्याने प्लग काढला आणि थेट सेन्सरच्या दोन पिनांवर मोजलं. आले ११०९. सेन्सर एकदम ठणठणीत.

मग मधले शंभरेक ओहम आले कुठून? प्लगमधून. तेलाची वाफ आणि उष्णता खाऊन खाऊन त्याच्या पिना काळ्या पडल्या होत्या, एक सैल झाली होती. ते शंभरेक ओहम प्रत्येक वेळी सेन्सरच्या आकड्यात मिळवले जात होते. ओव्हन १५२ वर असतानाच बोर्डला तो १८० वाटत होता. आमच्या थर्मामीटरची २८ अंशांची तूट आणि हा रोध, दोन्ही हिशोब तंतोतंत जुळले.

सेन्सर मोजताना आणखी दोन गोष्टी तपासून घ्या. सेन्सरचं टोक मुठीत घट्ट धरा. हाताच्या उबेने आकडा सावकाश वर चढायला हवा. तो उड्या मारत असेल तर आतली वायर तुटायला आलीय. दुसरं, मीटरची एक पिन वायरीवर आणि दुसरी सेन्सरच्या स्टीलच्या दांडीवर लावा. काहीच जोड दिसता कामा नये. आकडा आला तर आतलं इन्सुलेशन गेलंय, सेन्सर बदला. दोन वायरींमध्ये काहीच आकडा न येता मीटर "ओएल" किंवा नुसता १ दाखवत असेल तर सेन्सर आतून तुटलाय, तोही बदलाच.

ओटीजी आणि मायक्रोवेव्हवाल्यांनी हे वाचा

नॉबवाल्या ओटीजीत मोजायला असा सेन्सर नसतो. तिथे थर्मामीटरची चाचणी हीच मुख्य. नळीवाला थर्मोस्टॅट असेल तर एवढं बघा की आतला लांबट फुगा क्लिपमधून निसटून खाली पडलेला किंवा रॉडला टेकलेला नाही. निसटलेला असेल तर ओव्हन थंड असताना परत बसवा. नळीला कुठेही टोकदार घडी पडू देऊ नका. थर्मोस्टॅट खराब असेल तर तो दुरुस्त करत नाहीत, नळीसकट अख्खा बदलतात. छोट्या, जुन्या ओटीजीत पार्ट, मजुरी आणि येण्याचा चार्ज मिळून नव्या ओटीजीच्या किमतीच्या अर्ध्यावर जात असेल, तर नवीन घ्यायचा विचार करा.

मायक्रोवेव्हबद्दल मात्र एकच सांगणं आहे. कन्व्हेक्शन असो वा नसो, त्याचं बाहेरचं कव्हर घरी उघडायचं नाही. आत ट्रान्सफॉर्मर आणि कपॅसिटर असतो, तिथे दोन हजार व्होल्टच्या वर काम चालतं. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये चार्ज शिल्लक राहू शकतो आणि तो माणसाचा जीव घेऊ शकतो. थर्मामीटरची चाचणी करा, आकडे लिहा, आणि ते घेऊन सर्व्हिस सेंटरला जा.

अमेरिका-कॅनडात असाल तर

तिकडच्या घरात ओव्हन हा शेगडीसोबतच येतो, आणि दिवाळीला भाजक्या करंज्या, शंकरपाळ्यांचा सगळा भार त्याच्यावर असतो. तिथेही बहुतेक डिजिटल मॉडेलमध्ये हाच १००० ओहमवाला सेन्सर असतो. खोलीच्या तापमानाला १०८० ते ११०० ओहम यायला हवेत. काही गोष्टी वेगळ्या आहेत.

आकडे फॅरनहाइटमध्ये असतात. ३५० फॅरनहाइट म्हणजे १७७ सेल्सिअस. आईने फोनवर "१८० ला ठेव" सांगितलं आणि तुम्ही तसंच १८० फॅरनहाइटला ठेवलं, तर ते जेमतेम ८२ सेल्सिअस होतं. सेन्सरला दोष देण्याआधी हे बघून घ्या.

इलेक्ट्रिक ओव्हन तिथे २४० व्होल्टवर चालतो, त्याचा दुहेरी ब्रेकर पूर्ण बंद करा. गॅसचा ओव्हन असेल आणि वास येत असेल तर काहीही तपासत बसू नका, बाहेर पडा आणि गॅस कंपनीला फोन करा.

सेल्फ-क्लीन मोडमध्ये ओव्हन सुमारे ९०० फॅरनहाइट, म्हणजे जवळपास ४८० सेल्सिअसपर्यंत तापतो. एवढ्या उष्णतेत सेन्सरचे जुने जोड आणि थर्मल फ्यूज दगा देऊ शकतात. सणाच्या आदल्या दिवशी ही सफाई काढू नका.

आणि एक चांगली सोय. तिथल्या अनेक मॉडेलमध्ये तापमान साधारण ३५ फॅरनहाइटपर्यंत वर-खाली जुळवून घेण्याची सेटिंग असते. ठरावीक आणि कायम तेवढाच फरक असेल तर ती वापरा. भारतातल्या काही डिजिटल ओव्हनमध्येही ही सोय सापडते, मॅन्युअल बघा. मात्र प्लग काळा पडलेला असताना ही सेटिंग वापरलीत तर आज बरोबर आलेला आकडा महिन्याभरात पुन्हा बिघडेल, कारण जोड कुजतच राहणार.

पार्ट बदलायचाच असेल तर

ओव्हनच्या दाराच्या चौकटीवर मॉडेल नंबरचं स्टिकर असतं. त्याचा फोटो काढा आणि त्याच नंबरचा सेन्सर मागवा. दिसायला सारखा, पण ५०० ऐवजी १००० ओहमचा लावला, तर बोर्डचा सगळा हिशोब चुकेल.

जोड करताना साधी काळी टेप वापरू देऊ नका, ती उष्णतेने वितळते. उष्णता सोसणारे कनेक्टर आणि वायरच लागते. आणि काम झाल्यावर पुन्हा थर्मामीटर ठेवून सहा आकडे घ्या. ती सरासरी बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

टेक्निशियन आल्यावर त्याच्याशी भांडायची गरज नाही. एवढंच विचारा: "दादा, सेन्सर किती ओहम दाखवतोय? प्लगच्या अलीकडे किती आणि पलीकडे किती?" जो माणूस खरंच तपासून सांगतोय, तो तुम्हाला मीटर धरून दाखवेल. न मोजताच कुणी बोर्ड बदलायला सांगत असेल, तर दुसरीकडे विचारा. बोर्ड कधीच खराब होत नाही असं नाही. पण सेन्सर, वायर आणि प्लग बरोबर निघाल्यावरच त्याचा नंबर लागतो.

मावशीच्या ओव्हनचं पुढे काय झालं?

भावाने काळ्या पिना असलेला प्लग कापून टाकला आणि उष्णता सोसणारा नवीन कनेक्टर बसवला. कनेक्टर आणि वायर मिळून दोनशे रुपयांच्या आत काम झालं. भावाने मजुरी म्हणून नानखटाईचा डबा मागितला. पुन्हा थर्मामीटर ठेवला, सहा आकडे घेतले. सरासरी आली १७८.

मावशीने त्याच संध्याकाळी एक घाणा काढला. अठराव्या मिनिटाला नानखटाईला रंग आला. परत केलेल्या दोन ऑर्डरींपैकी एका गिऱ्हाइकाला तिने स्वतः फोन करून डबा पाठवला, पैसे न घेता.

आता तो थर्मामीटर तिच्या ओव्हनमध्ये कायम मधल्या जाळीवर असतो. दर महिन्याच्या एक तारखेला ती सहा आकडे घेते आणि फ्रीजवर लावलेल्या कागदावर लिहून ठेवते. तुमच्या ओव्हनचे आकडेही आज घेऊन बघा. आणि ओळखीत कुणी घरून केक करत असेल, तर टेक्निशियनला हो म्हणण्याआधी हा लेख त्यांच्यापर्यंत पोहोचवा.